इंटर्नशिपची मुलाखत परगावी आहे? मग घड्याळ उलटे फिरवा

मोबाइलवर मेल येतो, ‘मुलाखतीसाठी तुमची निवड झाली आहे. मंगळवारी सकाळी ११ वाजता आमच्या गुरुग्राम कार्यालयात हजर राहावे.’ घरात आनंदीआनंद होतो. आई देवापुढे साखर ठेवते, बाबा मामाला फोन लावतात. आणि पाचच मिनिटांत सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो, जायचे कसे? परत कधी? राहायचे कुठे?

गुरुग्राममध्येच राहणारा मुलगा त्या दिवशी घरून नाश्ता करून, मेट्रोने अर्ध्या तासात मुलाखतीला पोहोचतो. झाशीसारख्या गावातून येणारी मुलगी रात्रभर गाडीत बसून, स्टेशनवर तोंड धुऊन त्याच खुर्चीत बसते. प्रश्न दोघांना सारखेच विचारले जातात. पण एक झोप पूर्ण करून आलेला असतो आणि दुसरीचे डोळे मिटत असतात. मग घरी आल्यावर आपण म्हणतो, ‘तयारी कमी पडली.’ खरे तर अनेकदा अभ्यास नाही, प्रवासाची आखणी कमी पडलेली असते.

गावाचे अंतर आपण कमी करू शकत नाही. पण नीट आखणी केली, तर त्या अंतराचा मुलाखतीवर होणारा परिणाम नक्कीच कमी करू शकतो.

झाशीचेच उदाहरण का?

झाशी आणि मराठी माणूस यांचे नाते जुने आहे. नेवाळकरांच्या काळापासून इथे मराठी घरे आहेत. कर्जात बुडालेल्या घराला हातभार लागावा म्हणून वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि वाटेत बंडाच्या धामधुमीत सापडून झाशीत अडकले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात ती सगळी हकिकत आहे. कमाईसाठी केलेला प्रवास आखल्याप्रमाणे होतोच असे नाही, हे मराठी वाचकाला तेव्हापासून ठाऊक आहे.

आज झाशीत बुंदेलखंड विद्यापीठ आहे, बीआयईटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे, राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे. दरवर्षी इथली मुले इंटर्नशिपसाठी बाहेर पडतात. त्यांच्यापुढे दोन अगदी वेगळे प्रवास असतात. एक दिल्लीचा, साधारण ४०० किमीचा. दुसरा मुंबई-पुण्याचा, ११०० किमीच्या आसपासचा. तुम्ही नांदेडला असा, चंद्रपूरला असा किंवा बेळगावला, तुमचा प्रवासही या दोहोंपैकी एका प्रकारात बसेल. म्हणून झाशीचे उदाहरण समोर ठेवले, तर प्रत्येकाला आपले गणित मांडता येईल.

तिकिटाआधी मेल नीट वाचा

आनंदाच्या भरात लगेच तिकीट काढू नका. आधी मेल दोनदा वाचा आणि या गोष्टी तपासा.

• मुलाखत प्रत्यक्षच द्यायची आहे का? अनेक ठिकाणी पहिली फेरी व्हिडिओ कॉलवर घेतात. तशी सोय आहे का, हे विचारायला काहीच हरकत नाही.

• फेऱ्या किती आहेत? एकाच दिवसात संपणार की दुसऱ्या दिवशीही थांबावे लागणार?

• पत्ता पूर्ण आहे का? एकाच कंपनीची एका शहरात तीन-चार कार्यालये असू शकतात. सेक्टर, इमारत, मजला, सगळे लिहून घ्या.

• प्रवासखर्च मिळतो का? सगळ्या कंपन्या देत नाहीत, पण देणाऱ्या तिकिटाची प्रत मागतात. म्हणून तिकीट जपून ठेवा.

• मानधन किती आणि किती महिन्यांसाठी? हे आधीच कळायला हवे. केंद्र सरकारची पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा त्यात १२ महिन्यांसाठी दरमहा ५००० रुपये आणि सुरुवातीला एकदाच ६००० रुपये अशी तरतूद होती. मोठ्या शहरात खोलीभाडे, जेवण आणि रोजचा प्रवास एवढ्यात बसतो का, याचा हिशोब मुलाखतीला निघण्याआधी घरात बसून करा, निवड झाल्यावर नाही.

आणि एक महत्त्वाचे. मुलाखतीआधी ‘नोंदणी शुल्क’, ‘कागदपत्र पडताळणी शुल्क’ किंवा ‘अनामत’ मागितली, तर तिथेच थांबा. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून फोन नंबर शोधा आणि स्वतः चौकशी करा. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर चौकशी करून उपयोग नाही, कारण फसवणारा तोच नंबर देतो. कॉलेजच्या प्लेसमेंट विभागालाही विचारा. खोट्या मुलाखतीसाठी केलेल्या प्रवासात पैसे तर जातातच, शिवाय मूल अनोळखी शहरात एकटे पडते.

तारीख बदलून मागायला लाजू नका

‘त्यांनी बोलावले आहे, आपण कसे नाही म्हणणार?’ असे आपल्याकडे बऱ्याच घरांत वाटते. पण बाहेरगावच्या उमेदवाराने वेळ थोडी पुढे-मागे करून मागितली, तर त्यात वावगे काही नाही. मात्र ते वेळेवर, थोडक्यात आणि पर्याय देऊन मागावे. मेल आल्याच्या दिवशीच उत्तर द्या. मजकूर साधारण असा असू द्या:

‘निवडीबद्दल आभार. मी मुलाखतीला नक्की येणार आहे. मी झाशीला राहते आणि सोमवारी माझी प्रात्यक्षिक परीक्षा आहे. मुलाखत बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी ११ नंतर ठेवता आली, तर मला सोयीचे होईल. ते शक्य नसल्यास ठरलेल्या वेळी मी उपस्थित राहीन.’

यात येणार असल्याची खात्री आहे, कारण आहे, दोन पर्याय आहेत आणि नकार आला तरी दार उघडे आहे. शेवटचे वाक्य मात्र खरोखर शक्य असेल तरच लिहा. विद्यापीठाची परीक्षा बुडवून मुलाखतीला जाणे शहाणपणाचे नाही. सकाळी ९ ऐवजी दुपारी १२ ची वेळ मिळाली, तरी मुक्कामाचा एक दिवस वाचू शकतो.

आता घड्याळ उलटे फिरवा

आपण सहसा विचार करतो तो असा, ‘इथून गाडी किती वाजता आहे?’ त्याऐवजी मुलाखतीच्या वेळेपासून मागे मागे या. वहीत किंवा मोबाइलमध्ये उलटे वेळापत्रक लिहा.

समजा, मुलाखत मंगळवारी सकाळी ११ वाजता गुरुग्रामला आहे.

• १०.३० – इमारतीच्या दारात. मोठ्या इमारतींत ओळखपत्र दाखवून पास घ्यावा लागतो, त्यात वेळ जातो.

• ८.३० – मुक्कामाच्या ठिकाणाहून बाहेर. नवी दिल्लीहून मेट्रोच्या यलो लाइनने गुरुग्राम आणि पुढे रिक्षा. दीड तास धरा आणि अर्धा तास राखून ठेवा.

• ६.३० – उठणे, अंघोळ, नाश्ता.

• आदल्या रात्री १०.३० – झोप.

• आदल्या रात्री ८ – दिल्लीत पोहोचणे.

म्हणजे तुम्हाला सोमवारी संध्याकाळी दिल्लीत पोहोचवणारी गाडी हवी. आता गाड्यांकडे बघा. दिल्ली आणि झाशीदरम्यान गतिमान एक्सप्रेस धावते, ताशी १६० किमीपर्यंत वेग असलेली. ती सकाळी हजरत निजामुद्दीनहून निघते आणि दुपारी झाशीहून परत फिरते. शुक्रवारी ती नसते. ‘एवढी वेगवान गाडी आहे, मग सकाळी जाऊन मुलाखत देऊ’ असे वाटेल, पण झाशीकरांसाठी ती सकाळची गाडीच नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी दिल्लीत पोहोचून झोपायला मात्र ती उत्तम आहे. तिचे भाडे जड वाटत असेल, तर झाशीहून दिल्लीला जाणाऱ्या ताज एक्सप्रेसमध्ये दुसऱ्या वर्गाची बैठकही मिळते. फक्त ती दिल्लीला पोहोचेपर्यंत रात्र होते, हे गणितात धरा.

मुक्कामाचा खर्च झेपणार नसेल आणि रात्रीच्याच गाडीने जायचे असेल, तर पहाटे ५-६ ला पोहोचणारी निवडा, ९ ला पोहोचणारी नको. पहाटेची गाडी दोन तास उशिरा आली, तरी तुम्ही वेळेत असता. स्टेशनच्या प्रतीक्षालयात तयार होता येते. सामान क्लोकरूममध्ये ठेवायचे असेल, तर बॅगेला कुलूप हवे, नाहीतर ती ठेवून घेत नाहीत.

परतीचा प्रवासही असाच उलटा मांडा

११ ची मुलाखत १२ ला संपेल असे धरून दुपारी ३ ची गाडी पकडू नका. नंबर उशिरा लागतो, मग ‘आमच्या वरिष्ठांनाही भेटून जा’ असे सांगतात. त्या वेळी तुमचे सगळे लक्ष घड्याळाकडे असेल, तर उत्तरे काय देणार? संध्याकाळपर्यंतचा वेळ मोकळा ठेवा.

दिल्लीहून रात्री ८-९ ला निघालेली गाडी झाशीला मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या सुमारास पोहोचते. झाशी हे मधले स्टेशन असल्याने गाडी काही मिनिटे थांबते आणि पुढे भोपाळकडे निघून जाते. दमलेले मूल झोपून राहिले, तर ते तीनशे किमी पुढे जाऊन उठेल. म्हणून पहाटे उजाडता झाशीला येणारी गाडी बघा, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळची. रात्रीचीच घ्यावी लागली, तर मोबाइलमध्ये दोन गजर लावा. १३९ वर फोन करून स्टेशन येण्याआधी जागे करण्याची सूचना लावता येते, तीही लावा. घरच्यांनाही त्या वेळी फोन करायला सांगा.

मुंबई-पुण्याला जायचे असेल तर

इथे गणित बदलते. झाशीहून मुंबईला जायला शतकाहून जुनी पंजाब मेल आहे, पुण्याला जायला झेलम एक्सप्रेस आणि गोवा एक्सप्रेस आहेत. मेल-एक्सप्रेसने हा प्रवास साधारण अठरा ते वीस तासांचा. एवढ्या लांबच्या प्रवासानंतर त्याच दिवशी मुलाखत ठेवू नका. मुलाखत मंगळवारी असेल, तर सोमवारी तिथे पोहोचा. म्हणजे रविवारी झाशीतून निघा. सोमवारचा दिवस आराम करायला, कपडे इस्त्री करायला आणि कार्यालयाचा रस्ता एकदा पाहून यायला मिळतो.

उतरायचे स्टेशनही विचारपूर्वक ठरवा. मुंबईची प्रत्येक गाडी सीएसएमटीला जात नाही. काही लोकमान्य टिळक टर्मिनसला, म्हणजे कुर्ल्याला संपतात. मुलाखत ऐरोली किंवा वाशी बाजूला असेल आणि तुमची गाडी ठाण्याला थांबत असेल, तर तिथेच उतरा, तिथून नवी मुंबईची लोकल मिळते. पुण्यात ‘आयटी कंपनी’ म्हटले की बहुतेक वेळा हिंजवडी असते आणि पुणे स्टेशनपासून ती वीसेक किमी दूर आहे. नातेवाइकांचे घर हडपसरला असेल, तर सकाळच्या गर्दीत शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावे लागेल. अशा वेळी मुलाखतीच्या आदल्या रात्री हिंजवडीजवळ राहणाऱ्या एखाद्या मैत्रिणीकडे किंवा कॉलेजच्या सीनियरकडे थांबणे जास्त सोयीचे.

विमानाने जायचे म्हटले, तर झाशीकरांना साधारण १०० किमीवरचे ग्वाल्हेर गाठावे लागते. तो रस्ता, विमानतळावर आधी पोहोचण्याचा वेळ आणि पुढचा टॅक्सीखर्च, हे सगळे धरूनच विमान स्वस्त की महाग ते ठरवा.

तिकिटाचे गणित समजून घ्या

रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. पण मुलाखतीची तारीख बहुतेकदा आठ-दहा दिवस आधी कळते. तोवर गाड्या भरलेल्या असतात. म्हणून पुढच्या गोष्टी माहीत हव्यात.

• आधी जातानाचे तिकीट पक्के करा. परतीला चार-सहा तास उशीर झाला तरी चालतो, जाताना चालत नाही.

• वेटिंग तिकिटावर अवलंबून राहू नका. तक्ता तयार झाल्यावरही ऑनलाइन तिकीट पूर्ण वेटिंगमध्ये असेल, तर ते आपोआप रद्द होते आणि तुम्हाला त्यावर गाडीत चढता येत नाही. आरएसी असेल, तर जाता येते, पण बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांना बसून जावे लागू शकते. मुलाखतीच्या आदल्या रात्री ते त्रासाचे ठरते.

• तत्काळ आरक्षण एक दिवस आधी उघडते, एसी वर्गासाठी सकाळी १० वाजता, विनाएसीसाठी ११ वाजता. पण हा ‘एक दिवस’ गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेने मोजतात. पंजाब मेल फिरोजपूरहून रात्री निघून दुसऱ्या दिवशी झाशीला येते. तुम्हाला १० तारखेला झाशीहून बसायचे असेल, तर गाडी ९ तारखेला सुटलेली असेल आणि तिचे तत्काळ ८ तारखेला उघडेल. ९ तारखेला मोबाइल घेऊन बसलात, तर हाती काही लागणार नाही.

• जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी झालेले खाते लागते. हे काम आजच, निवांत वेळी करून ठेवा. सकाळी १० ला दोन मिनिटे उरलेली असताना ते होत नाही.

• पक्के झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत. म्हणून मुलाखतीची वेळ पक्की झाल्यावरच तत्काळ काढा.

• रात्री १२ नंतरच्या गाडीची तारीख नीट बघा. सोमवारी रात्री साडेबाराची गाडी म्हणजे तिकिटावर मंगळवार. ही गफलत फार घरांत होते.

• झाशी स्टेशनचे नाव डिसेंबर २०२१ च्या अखेरीस बदलले, आता ते ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ असे आहे. ‘जेएचएस’ हा जुना कोड आता चालत नाही, ‘व्हीजीएलजे’ असा शोधा.

धुके, ऊन आणि उशीर

उन्हाळी इंटर्नशिप मे-जूनमध्ये सुरू होतात आणि त्यांच्या बऱ्याच मुलाखती हिवाळ्यात होतात. नेमके डिसेंबर-जानेवारीतच उत्तर भारतात दाट धुके पडते आणि दिल्लीच्या बाजूच्या गाड्या तासन्‌तास रखडतात. या दोन महिन्यांत रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी मुलाखत देण्याचा बेत करूच नका. शक्य असेल तर दुपारच्या गाडीने आदल्या दिवशीच जा.

मुलाखत मे महिन्यात असेल, तर झाशीचा उन्हाळा लक्षात घ्या. दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पाणी, टोपी आणि ओआरएसची पाकिटे सोबत हवीतच. होळी, दिवाळी आणि छटपूजेच्या आसपास गाड्यांना तुफान गर्दी असते. त्या आठवड्यातली तारीख आली, तर बदलून मागणे किंवा ऑनलाइन मुलाखत मागणे हाच चांगला पर्याय.

गाडीचा ठावठिकाणा अॅपवर निघण्याआधीच बघा. तुमच्या स्टेशनवर गाडी तीन तासांहून जास्त उशिरा येणार असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण पैसे परत मिळू शकतात. त्यासाठी गाडी तुमच्या स्टेशनवरून निघण्याआधी टीडीआर भरावा लागतो. आणि उशीर होणार हे दिसताच कंपनीला कळवा. ‘गाडी दोन तास उशिरा आहे, मी १२.३० पर्यंत पोहोचेन’ असा निरोप साडेनऊला गेला, तर ते तुमची जबाबदारीची जाणीव समजतात. तोच निरोप साडेअकराला गेला, तर सबब समजतात.

एका फेरीत दोन मुलाखती

मुंबई-पुण्याला जाऊन येण्यात तीन-चार दिवस आणि बरेच पैसे जातात. मग त्या एका फेरीचा पुरेपूर उपयोग का करू नये? पुण्यातली एक मुलाखत ठरली की तुम्ही अर्ज केलेल्या तिथल्याच दुसऱ्या कंपन्यांना कळवा, ‘मी १२ ते १४ तारखेदरम्यान पुण्यात आहे, त्या काळात भेट शक्य आहे का?’ विचारायला काही लागत नाही.

पण एका दिवशी दोन मुलाखती ठेवू नका. पहिली लांबली, तर दुसरी हातची जाते. दोन्हींमध्ये एक रात्र असू द्या. महत्त्वाची मुलाखत दुसऱ्या दिवशी ठेवता आली, तर आणखी चांगले. तोवर शहराची आणि रस्त्यांची थोडी ओळख झालेली असते.

मुक्काम कुठे करायचा?

सर्वात आधी नातेवाईक आठवतात. ते चांगलेच आहे. फक्त तिथे पोहोचण्याची वेळ, सकाळी लवकर निघायचे आहे हे आणि रात्री थोडा अभ्यास करायचा आहे हे, आधीच सांगून ठेवा. नाहीतर मावशीच्या प्रेमळ गप्पांत रात्रीचे दोन वाजतात!

नातेवाईक नसतील तर रेल्वेची विश्रामगृहे बघा. पक्के तिकीट असेल, तर पीएनआर टाकून ती ऑनलाइन आरक्षित करता येतात आणि मोठ्या स्टेशनांवर स्वस्त डॉर्मिटरीही असते. दिल्लीत पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे. तिथे जागा आहे का, याची आधी फोन करून चौकशी करा. हॉटेल घ्यायचे असेल तर मुलाखतीच्या ठिकाणाजवळ घेण्यापेक्षा मेट्रो किंवा लोकल स्टेशनजवळ घ्या. स्वस्तही पडते आणि पोहोचण्याची खात्रीही राहते.

मुलगी एकटी जाणार असेल तर

‘एकटी कशी जाशील?’ या एका प्रश्नापाशी अनेक मुलींच्या मुलाखती संपतात. काळजी खरी असते, पण तिचे उत्तर ‘जाऊ नको’ हे नसून नीट आखणी हे आहे.

लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेस गाड्यांत स्लीपर वर्गाचे सहा बर्थ महिलांसाठी राखीव असतात. एकटी मुलगीही तिकीट काढताना ‘लेडीज’ कोटा निवडू शकते. सर्वसाधारण कोट्यात वेटिंग असताना इथे जागा मिळून जाते, पण बऱ्याच घरांना हे माहीतच नसते. अनोळखी शहरात उजेडी पोहोचेल अशीच गाडी निवडा. मोबाइलवरून चालू ठिकाण घरच्या एकाच व्यक्तीला पाठवत राहा. गाडीत अडचण आली तर १३९ आणि बाहेर ११२, हे दोन्ही नंबर तोंडपाठ हवेत.

आई-बाबांसाठीही दोन शब्द. सोबत जायचेच असेल, तर मुक्कामाच्या ठिकाणापर्यंत जा, मुलाखतीच्या दारापर्यंत नको. आणि तिकीट तुम्ही काढून हातात देण्यापेक्षा तिला किंवा त्याला काढू द्या, तुम्ही शेजारी बसून तपासा. इंटर्नशिप मिळाली तर पुढचे काही महिने ते मूल एकटेच हे सगळे करणार आहे. त्याची रंगीत तालीम या प्रवासातच होते. दर तासाला फोन करू नका. ‘गाडीत बसल्यावर, पोहोचल्यावर आणि मुलाखत झाल्यावर’ असे तीन फोन ठरवून घ्या.

पिशवीत काय हवे?

• मूळ ओळखपत्र. मोबाइलवरच्या तिकिटासोबत ते लागतेच.

• गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रांच्या मूळ प्रती एका फाइलमध्ये, झेरॉक्स दुसऱ्या फाइलमध्ये. बायोडेटाच्या तीन-चार प्रती, पासपोर्ट आकाराचे फोटो.

• मुलाखतीचा मेल, पत्ता आणि तिथल्या व्यक्तीचा नंबर कागदावर. मोबाइल बंद पडला, तर कागदच कामी येतो.

• मुलाखतीचे कपडे पिशवीत सर्वात वर आणि एक जादा शर्ट किंवा कुर्ता. गाडीत चहा सांडतोच.

• पैसे दोन ठिकाणी. थोडी रोख रक्कम हवीच, सगळीकडे यूपीआय चालेलच असे नाही.

• घरचा डबा. दशम्या, कोरडी चटणी, तिखट-मिठाच्या पुऱ्या. मुलाखतीआधी बाहेरचे तेलकट खाऊन पोट बिघडवू नका.

कागदपत्रांची पिशवी बर्थखाली नको, उशाशीच असू द्या.

तुम्ही झाशीला येणार असाल तर

हा प्रवास उलटाही होतो. झाशीत भेलचा कारखाना आहे, भारतीय गवत व चारा संशोधन संस्था आहे, केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था आहे. कृषी किंवा अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या मुलांना प्रशिक्षणासाठी ही ठिकाणे उपयोगी ठरू शकतात. पुण्या-मुंबईहून येताना एक दिवस आधी पोहोचा. संस्था शहराच्या वेगवेगळ्या भागांत आहेत, म्हणून मुक्काम ठरवण्याआधी नकाशा बघा. आदल्या संध्याकाळी वेळ मिळाला, तर किल्ला पाहून या, पण पाय दुखेपर्यंत भटकू नका.

घरी आल्यावर

परत आल्यावर सर्वात आधी झोप पूर्ण करा. मग दोन कामे त्याच दिवशी करा. मुलाखत घेणाऱ्यांना आभाराचा दोन ओळींचा मेल पाठवा. आणि या प्रवासाचा खरा खर्च लिहून काढा. तिकीट किती, रिक्षा किती, मुक्काम किती, कुठे वेळ वाया गेला, कोणती गाडी बरी होती. निकाल काहीही लागो, हे पान पुढच्या मुलाखतीला उपयोगी पडेल. आणि तुमच्या गल्लीतून पुढच्या वर्षी निघणाऱ्या एखाद्या मुलीलाही. तिने विचारायची वाट न पाहता ते पान तिला नक्की द्या.